नडीचा पैसा : बीलेफेल्डच्या रेशमी नोटांची हकिगत

१/२५
रेशमाचा एक चौकोनी तुकडा. त्यावर रंगीत छपाई, मध्यभागी किंमत, भोवती बारीक अक्षरांची किनार आणि कडेला शिवलेली लेस. वरकरणी हातरुमाल वाटावा अशी ही वस्तू प्रत्यक्षात १०० मार्कांची नोट आहे. १९२१ मध्ये जर्मनीतील बीलेफेल्ड शहराच्या बचत बँकेने ती काढली.

या नोटांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर वारंवार फिरतात. महागाई एवढी वाढली की कागद संपला आणि जर्मन लोकांना रेशमावर पैसे छापावे लागले, असे त्यांखाली बहुधा लिहिलेले असते. हे विधान चटकन पटते, परंतु ते खरे नाही. या नोटांची खरी हकिगत एका शहराच्या हुशारीची आहे; आणि त्याच शहरातील बचत करणाऱ्यांच्या वाट्याला आलेल्या सर्वनाशाचीही आहे.

२/२५
प्रथम नावाविषयी. अशा पैशाला जर्मन भाषेत 'नोटगेल्ड' म्हणतात. त्यातील 'नोट' या शब्दाचा आपल्या खिशातल्या नोटेशी काहीही संबंध नाही. जर्मन 'नोट' म्हणजे नड, निकड, आणीबाणी; आणि 'गेल्ड' म्हणजे पैसा. नडीला उपयोगी पडणारा तो नोटगेल्ड, अर्थात नडीचा पैसा.

देशाचे अधिकृत चलन काढण्याचे काम राइखसबँक या मध्यवर्ती बँकेकडे होते. ते चलन पुरेनासे झाले, तेव्हा नगरपालिका, जिल्हे, बचत बँका, कारखाने, खाणी आणि रेल्वेसुद्धा स्वतःच्या नोटा काढू लागल्या. नड मात्र प्रत्येक वेळी निराळी होती. नोटगेल्डच्या इतिहासाचे निरनिराळे टप्पे वेगळे केले नाहीत, तर रेशमी नोटेचा अर्थच हरवतो.

३/२५
पहिली नड महागाईची नव्हती, ती सुट्या नाण्यांची होती. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि जर्मनीने कागदी चलनाच्या बदल्यात सोने देण्याचे बंधन स्थगित केले. लोकांनी सोन्याचांदीची नाणी घरात दडवली. बाजारात मोड मिळेना. मजुरी कशी द्यायची, असा प्रश्न अनेक ठिकाणी उभा राहिला आणि काही नगरांनी साध्या कागदावर शिक्के मारून तात्पुरत्या नोटा काढल्या.

पुढे युद्धसामग्रीसाठी तांबे व निकेल हवे झाले. त्या धातूंची नाणी चलनातून काढून घेण्यात आली आणि त्यांच्या जागी लोखंड, जस्त व ॲल्युमिनियमची नाणी आली. परंतु तीही पुरली नाहीत. १९१७ मध्ये बीलेफेल्डच्या बचत बँकेने छोट्या किमतीच्या नोटा काढल्या, त्या याच टंचाईमुळे.

४/२५
बीलेफेल्ड हे वेस्टफालिया प्रांतातील, टॉयटोबुर्ग अरण्याच्या डोंगररांगेला टेकलेले शहर. माथ्यावर श्पारेनबुर्ग नावाचा मध्ययुगीन किल्ला, आणि पायथ्याशी शतकानुशतके चालत आलेला एकच मोठा व्यवसाय: जवस वनस्पतीपासून सूत काढून त्याचे लिनन विणणे.

भोवतालच्या खेड्यांत घरोघरी चरखे व माग असत आणि शहरातील व्यापारी ते कापड दूरवर विकत. १८५४ मध्ये येथे रावेन्सबर्ग सूतगिरणीची स्थापना झाली. ती युरोपातील सर्वांत मोठ्या लिनन सूतगिरण्यांपैकी एक ठरली. लिननच्या जोडीला मखमल आणि रेशीम विणणारे कारखाने आले, शिलाई यंत्रांचे कारखाने आले. कापड ही या शहराची ओळखच होती.

५/२५
या ओळखीचा एक धागा नोटांच्या कथेशी थेट जुळतो. १६७८ पासून बीलेफेल्डमध्ये कापड तपासणीचे एक अधिकृत केंद्र होते. त्याला 'लेगे' म्हणत. विणकराने आणलेले ठाण तेथे मोजले जाई, त्याचा कस पाहिला जाई आणि ते उतरले तरच त्यावर शिक्का उमटे. दूरच्या गिऱ्हाइकाने विणकराला कधी पाहिलेले नसे. तो शिक्क्यावर विश्वास ठेवून पैसे मोजी.

म्हणजे कापडावर शहराचा शिक्का आणि त्या शिक्क्यामागे शहराची पत, ही कल्पना बीलेफेल्डला नवी नव्हती. विसाव्या शतकात तिने निराळे रूप घेतले, एवढेच.

६/२५
ते रूप देणाऱ्या गृहस्थांचे नाव पाउल हांके. ते शहराच्या बचत बँकेचे संचालक होते. सुट्या पैशांच्या टंचाईपायी काढलेल्या नोटा लोक खर्च न करता जपून ठेवतात, हे युद्धानंतरच्या काळात जर्मनीभर दिसू लागले होते. चित्रे सुंदर असली की नोट परत येतच नसे.

हांके यांनी या निरीक्षणाला आपल्या शहराच्या धंद्याची जोड दिली. नोट कागदावरच का छापायची? १९२१ पासून गुंडलाख या स्थानिक मुद्रणालयातून रेशमावर, लिननवर आणि मखमलीवर छापलेल्या नोटा बाहेर पडू लागल्या. एकाच नोटेच्या निरनिराळ्या रंगांतील आवृत्त्या निघाल्या. काहींच्या कडांना लेस व झालर लावण्यात आली.

७/२५
या नोटांवर काय असे? श्पारेनबुर्ग किल्ला, विणकर, शहराचे मानचिन्ह, जुन्या आख्यायिका. पण त्याहून लक्षवेधी असे ते भोवतीच्या किनारीतील बारीक लिखाण. त्यात चालू घडामोडी, वाढत्या किमती, व्हर्सायच्या तहाविषयीची चीड आणि टोमणे यांची दाटी असे. नोट एका अर्थाने वर्तमानपत्रच झाली होती.

युद्धात हरलेल्या, उपाशी आणि अपमानित वाटणाऱ्या समाजाचे मन या किनारींत वाचता येते. त्यातील सारेच निर्मळ नव्हते. त्या काळी जर्मनीतील काही नगरांच्या नोटांवर उघड ज्यूविरोधी चित्रेही छापली गेली. नोटगेल्डकडे केवळ गोंडस लोककला म्हणून पाहणाऱ्याने हा भाग नजरेआड करू नये.

८/२५
आता मूळ दाव्याची परीक्षा करता येते. १०० मार्कांची रेशमी नोट जुलै १९२१ मधली. त्या महिन्यात एका अमेरिकी डॉलरसाठी सरासरी ७७ मार्क मोजावे लागत. युद्धापूर्वी हाच दर ४.२ मार्क होता. म्हणजे मार्क बराच घसरला होता, हे खरे. परंतु ज्या प्रलयामुळे जर्मनीचे नाव अर्थशास्त्राच्या पुस्तकांत गेले, तो अजून दोन वर्षे दूर होता.

त्या वेळी कागदाचा दुष्काळ नव्हता. शिवाय रेशीम कागदाहून कितीतरी महाग. खरोखर नड असलेला माणूस नोटेला लेस लावत बसत नाही. मग ही उठाठेव कशासाठी?

९/२५
ती संग्राहकांसाठी होती. १९२० ते १९२२ या काळात नोटगेल्ड जमवण्याचा छंद जर्मनीत अक्षरशः साथीसारखा पसरला. संग्राहकांसाठी नियतकालिके निघाली, याद्या छापल्या गेल्या, खास वह्या विकल्या गेल्या.

नगरपालिकांना याचे गणित लगेच कळले. नोट म्हणजे देणाऱ्याने केलेला वायदा: ही घेऊन या, एवढी रक्कम मिळेल. ज्या नोटेचा मालक ती कपाटात ठेवतो, त्याला ही रक्कम कधीच द्यावी लागत नाही. छपाईचा खर्च वजा जाता उरलेली सारी रक्कम हा निव्वळ नफा. बीलेफेल्डच्या कापडी नोटा देशभर आणि परदेशातही विकल्या गेल्या. घसरत्या मार्कांच्या काळात परकीय चलनात झालेली विक्री म्हणजे शहराला मोठाच आधार होता.

१०/२५
बीलेफेल्ड एकटे नव्हते. बासरीवाल्याच्या दंतकथेसाठी प्रसिद्ध असलेल्या हामेलनने उंदरांची चित्रे असलेल्या नोटा काढल्या. माइसेनच्या चिनी मातीच्या कारखान्यात नाणी भाजली गेली. ऑस्टरवीक येथे चामड्यावर नोटा छापण्यात आल्या. ज्या गावाचा जो धंदा, तोच त्याच्या पैशाचा कच्चा माल.

अनेक गावांनी तर क्रमाने एक गोष्ट सांगणाऱ्या नोटांचे संच काढले. त्यांतील कित्येक नोटांची मुदत विक्रीच्या वेळीच संपलेली असे किंवा संपत आलेली असे. घेणाऱ्यालाही ते ठाऊक असे. बाजारात फिरण्यासाठी त्या नोटा जन्मालाच आल्या नव्हत्या.

११/२५
हा खेळ सरकारच्या डोळ्यांवर आला. १७ जुलै १९२२ रोजी नोटगेल्ड काढण्यास बंदी घालणारा कायदा संमत झाला. शौकाची ही नाणेछपाई तेथेच थांबेल, असे वाटले.

परंतु त्याच वर्षीच्या शरदऋतूत सरकारला आपले पाऊल मागे घ्यावे लागले आणि नोटगेल्डला पुन्हा परवानगी द्यावी लागली. कारण आता खरी नड आली होती. मार्क एवढ्या वेगाने कोसळत होता की राइखसबँकेचे छापखाने मागे पडले होते आणि कारखान्यांना आठवड्याचा पगार देण्यापुरत्या नोटा मिळत नव्हत्या. नोटगेल्डचा हा टप्पा पहिल्याहून सर्वस्वी निराळा आहे.

१२/२५
मार्क का कोसळला? मुळाशी युद्धाचा खर्च होता. जर्मन सरकारने तो करांतून न भागवता प्रामुख्याने कर्जांतून भागवला. नऊ वेळा युद्धकर्ज उभारण्यात आले आणि नागरिकांनी त्यात सुमारे ९८ अब्ज मार्क गुंतवले. विजय मिळाला की शत्रूकडून वसुली करून ही कर्जे फेडू, असा हिशेब होता. पराभव झाला आणि हिशेब उलटला.

मे १९२१ मध्ये विजेत्या राष्ट्रांनी युद्धभरपाईची रक्कम १३२ अब्ज सुवर्ण मार्क ठरवली. सरकारी तिजोरीत सतत तूट होती. नव्या, दुबळ्या प्रजासत्ताकाला कर वाढवण्यापेक्षा राइखसबँकेकडून नोटा छापून घेणे सोपे वाटले.

१३/२५
जून १९२२ मध्ये परराष्ट्रमंत्री वाल्टर राटेनाउ यांची अतिरेकी उजव्या गटाने हत्या केली आणि जर्मनीवरचा उरलासुरला विश्वासही डळमळला. जुलै १९२२ मध्ये डॉलरचा सरासरी दर ४९३ मार्क झाला.

भरपाईपोटी द्यायचे लाकूड व कोळसा वेळेवर न पोहोचल्याचे कारण देऊन ११ जानेवारी १९२३ रोजी फ्रेंच व बेल्जियन सैन्याने रूर हा औद्योगिक प्रदेश ताब्यात घेतला. जर्मन सरकारने असहकाराची हाक दिली. खाणी व कारखाने बंद पडले आणि काम थांबवलेल्या लक्षावधी कामगारांचे वेतन सरकारने नोटा छापून दिले. उत्पादन शून्य आणि नोटांचा पूर, असा हा प्रकार होता. बीलेफेल्ड व्याप्त प्रदेशाच्या बाहेर, ईशान्येस होते. परंतु मार्क सर्वांचा एकच होता.

१४/२५
१९२३ मधील डॉलरचे मासिक सरासरी दर पाहावेत :

जानेवारी : सुमारे १८ हजार मार्क
जुलै : सुमारे ३ लाख ५३ हजार
ऑगस्ट : सुमारे ४६ लाख
सप्टेंबर : सुमारे ९ कोटी ८९ लाख
ऑक्टोबर : सुमारे २,५२६ कोटी

आणि २० नोव्हेंबर रोजी : ४ लाख २० हजार कोटी.

युद्धापूर्वीचा ४.२ हा आकडा आणि हा शेवटचा आकडा यांत बारा शून्यांचे अंतर आहे. जर्मन भाषेत शंभर कोटींना 'मिलियार्ड' आणि लाख कोटींना 'बिलिओन' म्हणतात. एरवी खगोलशास्त्रज्ञांपुरते असलेले हे शब्द आता पाववाल्याच्या दुकानात ऐकू येऊ लागले. नोव्हेंबरमध्ये बर्लिनमध्ये एका पावाची किंमत २०,१०० कोटी मार्कांवर गेली होती.

१५/२५
एवढे पैसे छापणे हाच मोठा उद्योग झाला. राइखसबँकेसाठी सुमारे तीस कागद गिरण्या आणि शंभराहून अधिक खासगी छापखाने राबत होते. वेळ वाचवण्यासाठी नोटा एकाच बाजूने छापल्या जाऊ लागल्या. डिसेंबर १९२२ ची तारीख असलेल्या १,००० मार्कांच्या नोटांवर १९२३ च्या शरदात लाल शाईने 'एक मिलियार्ड मार्क' असा शिक्का मारण्यात आला. तीच नोट, तोच कागद. किंमत मात्र दहा लाख पट.

तरीही रोकड पुरत नव्हती. नोटांचे गठ्ठे एखाद्या शहरात पोहोचेपर्यंत त्यांचे मोल निम्म्यावर येई. ज्या शहराला शुक्रवारी मजुरी द्यायची आहे, त्याने बर्लिनची वाट पाहायची म्हणजे मजुरांना उपाशी ठेवायचे.

१६/२५
म्हणून ऑगस्ट १९२३ पासून हजारो नगरपालिका, कारखाने आणि जिल्हे स्वतःच्या नोटा छापू लागले. हा खरा नडीचा पैसा. तो दिसायला कसा होता? ओबडधोबड. पातळ कागद, एकाच बाजूची छपाई, एकच रंग, एक शिक्का, एक सही. कित्येकदा मागची बाजू कोरी, कित्येकदा जुन्याच नोटेवर नवी किंमत.

कायद्याने अशा नोटांसाठी परवानगी घेणे आणि तेवढी रक्कम तारण ठेवणे आवश्यक होते. अनेकांनी परवानगीची वाट पाहिली नाही. मजूर पगार हाती पडताच दुकानाकडे धावत, कारण संध्याकाळी त्याच पैशात अर्धेच सामान येई. काही ठिकाणी दिवसातून दोनदा पगार होई. या धावपळीत कुणाला नोटेवरचे चित्र पाहायला सवड नव्हती.

१७/२५
येथे एक विरोधाभास स्पष्ट होतो. संकट सौम्य होते तेव्हाच्या नोटा रेशमी व देखण्या आहेत; संकट भीषण झाले तेव्हाच्या नोटा फाटक्या व कुरूप आहेत. देखण्या नोटा पेटीत जपल्या गेल्या म्हणून आज आपल्याला दिसतात. कुरूप नोटांनी लोकांना पाव मिळवून दिला आणि मग त्या रद्दीत गेल्या.

बीलेफेल्डने १९२३ मध्येही कापडी नोटा काढणे चालू ठेवले आणि त्यांवरचे आकडे वाढत गेले. किनारींतील मजकूर अधिक कडवट झाला. परंतु दुकानात उधळला गेलेला पैसा प्रामुख्याने कागदीच होता. एकाच शहरातून एकाच वेळी दोन प्रकारचा पैसा निघत होता: एक जगाला विकण्यासाठी, एक घरी जगण्यासाठी.

१८/२५
नोटगेल्डने लोकांना तारले, हे अर्धे सत्य. उरलेले अर्धे असे की त्याने आगीत तेलही ओतले. नगरपालिकेने नोटा काढल्या की त्या बँकांत जमा होत आणि राइखसबँक त्या स्वीकारी. म्हणजे देशातील हजारो ठिकाणांना स्वतःचे चलन काढण्याची मुभा मिळाली आणि त्याचा भार शेवटी एकाच मार्कावर पडला.

नोट काढणाऱ्याचा फायदाही उघड होता. आज शंभर पावांच्या किमतीच्या नोटा वाटायच्या आणि महिन्याने त्या परत घ्यायच्या, तेव्हा त्यांत एक पावही येत नसे. बिनव्याजी कर्ज म्हणावे, तर हे त्याच्याही पलीकडचे होते. प्रत्येक शहराचा निर्णय त्याच्यापुरता शहाणपणाचा होता. सर्वांची बेरीज विनाशाची होती.

१९/२५
लोकांनी मार्कावर विश्वास ठेवणे सोडले, तेव्हा नोटांवर दुसरेच माप छापले जाऊ लागले. ओल्डनबुर्ग या राज्याने १९२२ मध्येच राय धान्याच्या किमतीशी बांधलेले रोखे काढले होते. ऑक्टोबर १९२३ पासून सरकारने सोन्याशी जोडलेल्या 'स्थिरमूल्य' नोटगेल्डला परवानगी दिली. त्यांवर ४.२० सुवर्ण मार्क म्हणजे एक डॉलर, असा हिशेब छापलेला असे. बीलेफेल्डच्या कापडी नोटांवरही वर्षअखेरीस सुवर्ण मार्क अवतरला.

यातून एक गोष्ट उघड झाली. लोकांना नोटेचे पान सोन्याचे नको होते, रेशमाचेही नको होते. उद्या तिच्या बदल्यात आजइतकेच मिळेल, एवढी हमी हवी होती.

२०/२५
ती हमी १५ नोव्हेंबर १९२३ रोजी रेंटेनमार्क या नव्या चलनाने दिली. एक रेंटेनमार्क म्हणजे एक लाख कोटी जुने मार्क. त्याच्या पाठीशी सोने नव्हते. शेतजमीन व उद्योगांवर बसवलेल्या कायदेशीर बोज्याचे तारण होते. जमीन तुकडे करून कुणाला देता येत नाही, हे सर्वांना कळत होते.

मग तो टिकला कसा? मर्यादेमुळे. सरकारला मिळू शकणाऱ्या कर्जावर १.२ अब्ज रेंटेनमार्कांची मर्यादा घालण्यात आली आणि त्याच दिवसापासून राइखसबँकेने सरकारी हुंड्या वटवणे थांबवले. नोटा छापण्याचा हुकूम येत असतानाही कोणीतरी 'नाही' म्हणू शकले, म्हणून लोकांनी त्या नोटेवर विश्वास ठेवला.

२१/२५
चलन आयुक्त म्हणून नेमलेले याल्मार शाख्ट यांनी नोटगेल्डविरुद्धही हेच शस्त्र वापरले. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात त्यांनी जाहीर केले की राइखसबँक यापुढे नोटगेल्ड स्वीकारणार नाही. नोटा काढणाऱ्या शहरांचा व उद्योगांचा संताप झाला. विशेषतः व्याप्त ऱ्हाइन प्रदेशातील प्रतिनिधींनी कडाडून विरोध केला. शाख्ट मागे हटले नाहीत.

ज्याने नोट काढली त्यानेच आता ती सोडवायची होती. नोटगेल्डचे दिवस संपले. २० नोव्हेंबर रोजी डॉलरचा दर ४ लाख २० हजार कोटी मार्कांवर स्थिर करण्यात आला. योगायोग असा की अखेरपर्यंत नोटा छापत राहिलेले राइखसबँकेचे अध्यक्ष रुडोल्फ हावेनश्टाइन त्याच दिवशी मरण पावले.

२२/२५
आता पुन्हा बीलेफेल्डच्या त्या बँकेकडे वळावे. ती व्यापारी बँक नव्हती. ती बचत बँक होती. विणकर, शिक्षक, मोलकरीण, विधवा अशा लोकांनी थोडे थोडे साठवून ठेवावे, यासाठीच जर्मन शहरांनी अशा बँका उभारल्या होत्या.

समजा, एखाद्या विणकराने १९१४ पर्यंत आपल्या पासबुकात ४२० मार्क साठवले होते. तेव्हा त्यांची किंमत १०० डॉलर होती. नोव्हेंबर १९२३ मध्ये पासबुकातला आकडा तोच होता, ४२०. त्याची किंमत एका सेंटचा दहा कोटीवा भाग झाली होती. चोरी झाली नव्हती, बँक बुडाली नव्हती, हिशेबात एका पैशाची चूक नव्हती. ज्या संस्थेने देखण्या रेशमी नोटा विकल्या, तिच्याच खातेवहीत शहराची आयुष्यभराची बचत अशी विरून गेली.

२३/२५
कुणी गमावले की कुणी तरी मिळवतेच. ज्यांच्यावर कर्ज होते, ते मोकळे झाले. घरे गहाण ठेवणारे, कर्ज काढून कारखाने वाढवणारे, कर्जबाजारी नगरपालिका. आणि सर्वांत मोठा ऋणको म्हणजे सरकार. युद्धाच्या अखेरीस जर्मन सरकारवर सुमारे १५४ अब्ज मार्कांचे युद्धकर्ज होते. नोव्हेंबर १९२३ च्या दराने ते सारे मिळून १५ फेनिगांच्या आसपास आले.

२८ नोव्हेंबर १९२३ रोजी जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने, जुना मार्क आणि नवा मार्क सारखाच मानून कर्ज फेडणे न्यायाला धरून नाही, असा निर्णय दिला. १९२५ च्या कायद्याने गहाण कर्जांना मूळ मूल्याच्या २५ टक्के आणि बचत बँकांतील ठेवींना किमान १२.५ टक्के मूल्य परत मिळाले. आठ भागांतील सात भाग गेले ते गेलेच.

२४/२५
या सर्वनाशातूनच हिटलर आला, असे सरळ समीकरण अनेकदा मांडले जाते. ते तपासून घ्यावे लागते. नोव्हेंबर १९२३ मधील म्युनिकचा त्याचा उठाव फसला. त्यानंतर चलन स्थिरावले आणि १९२८ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला तीन टक्क्यांहूनही कमी मते मिळाली. त्याला सत्तेजवळ नेले ते १९३० नंतरच्या बेकारीने; त्या वेळी महागाई नव्हती, उलट किमती घसरत होत्या.

तरीही १९२३ चे वर्ष विसरले गेले नाही. युद्धकर्जाचे रोखे देशप्रेमापोटी विकत घेणारा आणि काटकसर हाच धर्म मानणारा मध्यमवर्ग प्रजासत्ताकाला कधी क्षमा करू शकला नाही. पुन्हा संकट आले, तेव्हा त्या राज्यव्यवस्थेच्या बचावासाठी उभे राहणारे फार थोडे होते.

२५/२५
बीलेफेल्डच्या सूतगिरणीच्या आवारात आज शहराचे इतिहास संग्रहालय आहे. कापडी नोटा जगभरच्या संग्राहकांकडे आहेत आणि लिलावांत त्यांना आजही चांगली किंमत येते. रेशमाचा रंग फारसा उतरलेला नाही.

म्हणून यापुढे ते छायाचित्र समोर आले, तर त्याखालील मजकूर असा दुरुस्त करून वाचावा: कागद संपला म्हणून हे रेशीम वापरले गेले नाही. मार्कावरचा विश्वास आटत चालला होता, आणि कापडाचा कस जाणणाऱ्या शहराने त्या काळात आपला शिक्का जगाला विकला. तो शिक्का विकत घेणाऱ्यांच्या हाती निदान रेशीम राहिले. त्याच शहराच्या शिक्क्यावर विसंबून ज्यांनी पासबुकात पैसे ठेवले होते, त्यांच्या हाती फक्त आकडा राहिला.